अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि अमेरिकेतील आरोग्यव्यय : एका वाक्याची चिकित्सा

मराठीत 'अर्थ' ह्या एकाच शब्दाने वित्ताचाही बोध होतो आणि आशयाचाही. त्यामुळे शब्दाच्या अर्थकक्षेची वाढ व घट दर्शविण्यासाठी भाषाशास्त्रात रूढ झालेल्या 'अर्थविस्तार' व 'अर्थसंकोच' ह्या संज्ञा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कानी पडल्या, तर त्याच्या डोळ्यांपुढे तेजी-मंदीचे चित्र उभे राहावे, ह्यात नवल नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ह्या दोन शास्त्रांच्या सीमेवरचा आहे. अमेरिकेतील आर्थिक भरभराट, तेथील मंदीची आवर्तने आणि आरोग्यसेवेचा चढता खर्च ह्यांविषयी गेल्या शतकभरात विपुल लेखन झाले. त्या लेखनाचा गाभा एका लहानशा वाक्यात सामावलेला आहे : 'आरोग्यसेवेचा खर्च वाढत आहे.' हे वाक्य तेजीतही लिहिले गेले आणि मंदीतही. त्यातील आकड्यांची चिकित्सा अर्थशास्त्रज्ञांनी केलेली आहे व करीत आहेत. मला येथे त्या वाक्याची चिकित्सा करावयाची आहे. नेमके काय वाढते, आणि ते कोण वाढवितो, हे दोन्ही प्रश्न त्या वाक्याच्या घडणीतच झाकले जातात, आणि ज्यांच्यापाशी खर्चाचा भार पेलण्याची शक्ती मंदीच्या दिवसांत सर्वांत कमी उरते त्यांना ह्या झाकण्याची किंमत मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम ह्या वाक्याचे वय पाहू. अमेरिकेत वैद्यकीय सेवेच्या खर्चाचा अभ्यास करण्यासाठी १९२७ साली एक समिती स्थापन झाली. तिच्या नावातच 'खर्च' हा शब्द होता. देशात भरभराट होती, शेअरबाजार तेजीत होता, आणि तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाला इस्पितळाचे देणे भागविता येत नाही, ह्या तक्रारीतून ही समिती जन्मली. समितीचा अखेरचा अहवाल १९३२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा देश महामंदीच्या तळाशी पोहोचलेला होता. चौकशी तेजीत सुरू व्हावी आणि निष्कर्ष मंदीत हाती यावा, हा योगायोग पुढील सर्व इतिहासाचा नमुनाच होय. त्या काळी वैद्यकीय खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्या आसपास होता, आणि तेवढाही असह्य मानला जात होता. १९६० साली तो सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के झाला, १९८० साली जवळजवळ ९ टक्के, २००० साली १३ टक्क्यांहून थोडा अधिक आणि २०२३ साली १७.६ टक्के, म्हणजे सुमारे ४ लाख ९० हजार कोटी डॉलर.

आता ह्या टक्केवारीकडे जरा बारकाईने पाहावयास हवे. टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. त्याला अंश आहे आणि छेद आहे. अंशस्थानी आरोग्यव्यय, छेदस्थानी देशाचे एकूण उत्पादन. मंदीत छेद आखडतो. अंश मात्र सहसा आखडत नाही, कारण मंदी आली म्हणून हाडे मोडावयाची थांबत नाहीत. डिसेंबर २००७ ते जून २००९ ह्या अठरा महिन्यांच्या मंदीचे उदाहरण घ्या. २००८ साली हे प्रमाण १६ टक्क्यांच्या थोडे वर होते. २००९ साली आरोग्यव्ययाची वाढ अवघी ४ टक्क्यांच्या आसपास झाली. तोवरच्या सुमारे पन्नास वर्षांच्या सरकारी नोंदींत इतकी मंद वाढ दुसरी नव्हती. आणि नेमक्या त्याच वर्षी प्रमाण १७ टक्क्यांच्या पुढे गेले, एका वर्षात जवळजवळ एका टक्क्याची उडी! देशाचे उत्पादन चालू किमतींनी सुमारे दोन टक्क्यांनी घटले होते, ह्यामुळे हे घडले. खर्चाचा वेग पन्नास वर्षांत सर्वांत मंद असताना 'खर्चाचा बोजा अभूतपूर्व वाढला' असे वाक्य लिहिता येते, आणि ते वाक्य अंकगणिताच्या दृष्टीने निर्दोष असते.

ह्याच्या उलट १९९३ ते २००० हा काळ पाहा. हे प्रमाण आरंभी १३ टक्क्यांच्या थोडे वर होते, अखेरीसही तेथेच राहिले. ह्या स्थैर्याचे श्रेय 'नियंत्रित सेवा' नावाच्या विमापद्धतीला देण्यात आले. डॉक्टरांच्या निवडीवर आणि उपचारांवर विमाकंपनीने अंकुश ठेवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. तिने काही साधले नाही असे नाही. परंतु मार्च १९९१ ते मार्च २००१ ह्या दहा वर्षांत अमेरिकेने तोपर्यंतची सर्वांत दीर्घ भरभराट अनुभवली, आणि छेद सारखा फुगत होता, हेही तितकेच खरे. पुढे लोक त्या अंकुशाला कंटाळले, २००१ ची मंदी आली, आणि २००३ पर्यंत प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेले. पहिल्या काळात 'उपाय सापडला' म्हणणारे आणि दुसऱ्या काळात 'संकट ओढवले' म्हणणारे, दोघेही एकाच अपूर्णांकाकडे पाहत होते. त्यांतील कोणता भाग हलला हे सांगण्याची शिस्त मात्र दोघांच्याही वाक्यांत क्वचितच आढळते.

सर्वांत विलक्षण उदाहरण २०२० चे आहे. महामारीच्या त्या वर्षी अमेरिकेतील दवाखाने कित्येक आठवडे ओस पडले. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्यात आल्या, आणि लोक दंतवैद्याकडेसुद्धा जाईनात. विमाकंपन्यांकडून झालेला खर्च घटला, रुग्णांच्या खिशातून जाणारा खर्चही घटला. आणि त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्यव्यय सुमारे १० टक्क्यांनी वाढून त्याचे प्रमाण साडेएकोणीस टक्क्यांच्या घरात गेले. रोगी येईनात म्हणून अडचणीत आलेल्या इस्पितळांना केंद्र सरकारने जे साहाय्य दिले, ते ह्या हिशेबात 'आरोग्यव्यय' ह्याच सदरात बसते. त्या वर्षी केंद्र सरकारचा आरोग्यावरील खर्च एकतृतीयांशाहून अधिक वाढला. रोगी न तपासल्याबद्दल झालेला खर्चही आरोग्यावरचाच खर्च. येथे 'आरोग्यव्यय' ह्या शब्दाचा अर्थविस्तार किती झाला आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. ह्या राष्ट्रीय लेख्यात संशोधन येते, इस्पितळांच्या इमारती व यंत्रसामग्री येते, वृद्धांच्या शुश्रूषागृहांचे शुल्क येते आणि विमाकंपन्यांचा कचेरीखर्चही येतो. हा लेखा तयार करणारे सरकारी विमागणिती आपल्या वार्षिक निबंधात ही सर्व सदरे स्वच्छ मांडतात. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निबंधाचे शीर्षक वृत्तपत्रात पोहोचेपर्यंत सदरे गळून पडतात आणि एक क्रियापद तेवढे उरते, ही खरी अडचण.

मंदीच्या संज्ञेचीही अशीच कथा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आर्थिक आपत्तीला 'पॅनिक', म्हणजे घबराट, म्हणत. तो शब्द फार भयसूचक वाटल्यावर 'डिप्रेशन' हा सौम्य शब्द पुढे आला. महामंदीने त्याला इतकी भीषण छटा दिली की १९३७-३८ च्या घसरणीसाठी 'रिसेशन' हा आणखी सौम्य शब्द रूढ झाला. प्रत्येक सौम्योक्ती कालांतराने कठोर होते आणि तिच्या जागी नवी आणावी लागते, हा अर्थपरिवर्तनाचा परिचित नियमच आहे. आमच्या मराठीने हा खटाटोप केला नाही. फारसी 'तेज'पासून आलेली तेजी आणि संस्कृत 'मंद'पासून आलेली मंदी, ह्या बाजारातल्या जोडीवर आपण भागवीत आलो. फार तर 'महा' हे उपपद जोडले.

मंदी केव्हा सुरू झाली व केव्हा संपली हे अमेरिकेत १९२० साली स्थापन झालेल्या एका खाजगी संशोधनसंस्थेची समिती ठरविते, आणि तिचा निर्णय बराच उशिरा येतो. जुलै १९९० मध्ये सुरू झालेली मंदी मार्च १९९१ मध्ये संपली, हे समितीने डिसेंबर १९९२ मध्ये जाहीर केले. मधल्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेली होती. त्या निवडणुकीत बिल क्लिंटन ह्यांचे प्रचारप्रमुख जेम्स कार्व्हिल ह्यांनी लिटल रॉक येथील कचेरीत एक फलक लावला होता. त्यातील 'मुद्दा अर्थव्यवस्थेचा आहे' अशा आशयाची ओळ, तिच्या शेवटच्या उर्मट संबोधनासह, जगप्रसिद्ध झाली. फलकावर तीन ओळी होत्या. आरोग्यसेवेला विसरू नका, अशी तिसऱ्या ओळीची आज्ञा होती, आणि लोक विसरले ती नेमकी तीच ओळ. तिला पूर्वपीठिका होती. आदल्या वर्षी पेनसिल्व्हानियात हॅरिस वॉफर्ड ह्यांनी आरोग्यविम्याच्या प्रश्नावर सेनेटची पोटनिवडणूक जिंकली होती, आणि तिचे सूत्रचालनही कार्व्हिल ह्यांचेच होते. मंदीत नोकरी गेली की विमा जातो, ही भीती त्या मतांमागे होती. पुढे भरभराट स्थिरावली आणि १९९४ साली क्लिंटन ह्यांची आरोग्ययोजना काँग्रेसमध्ये बारगळली. तिच्या अपयशाची कारणे अनेक होती. पण भीती ओसरत गेली तसा तिचा आधारही ओसरला, हे त्यांतील एक कारण मानावयास हरकत नाही.

आता क्रियापदाकडे वळू. मराठीत 'वाढणे' हे अकर्मक आणि 'वाढविणे' हे प्रयोजक. इंग्रजीतही 'राइझ' व 'रेझ' अशी जोडी आहे. 'खर्च वाढतो' म्हटले की समुद्राची भरती, मुलाची उंची किंवा नदीचे पाणी ह्यांच्या पंक्तीला खर्च जाऊन बसतो. 'खर्च वाढविला' म्हटले की कोणी, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील आरोग्य-अर्थशास्त्राच्या थोर लेखनाची कसोटी ह्या जोडीवर लावून पाहिली, तर काही उद्बोधक गोष्टी हाती लागतात.

ह्या शाखेचा आरंभ केनेथ ॲरो ह्यांच्या डिसेंबर १९६३ च्या निबंधापासून मानतात. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा विषय अनिश्चितता हा आहे. आजार केव्हा येईल हे रोग्याला ठाऊक नसते, आणि उपचार गुणकारी ठरेल की नाही हे डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. म्हणून बाजाराने जे साधत नाही ते विश्वास, व्यावसायिक नीती, परवाने अशा बाजाराबाहेरील संस्थांना साधावे लागते, अशी त्यांची मांडणी आहे. ॲरो ह्यांची भाषा संयमित आहे. ते कर्ता लपवीत नाहीत. त्यांच्या वाक्यांत रोगी आहे, डॉक्टर आहे, विमा देणारा आहे, आणि प्रत्येकाला काय ठाऊक असते व काय नसते हे सांगितलेले आहे. तेजी-मंदीचा विचार मात्र त्यांनी केलेला नाही, आणि १९६३ साली तो त्यांच्याकडून अपेक्षिणेही रास्त नव्हे.

विल्यम बॉमोल ह्यांचे तसे नाही. त्यांच्या सिद्धान्ताला 'कॉस्ट डिसीझ', म्हणजे खर्चाचा रोग, हे नाव पडले आणि त्यांनी ते आपल्या २०१२ च्या ग्रंथाच्या शीर्षकातही वापरले. मूळ विचार १९६६ साली विल्यम बोवेन ह्यांच्यासह लिहिलेल्या रंगकलांच्या अर्थकारणावरील ग्रंथातला आणि १९६७ च्या त्यांच्या स्वतंत्र निबंधातला आहे. चार वादकांची एखादी शास्त्रीय रचना दोनशे वर्षांपूर्वी वाजवावयास जेवढा वेळ आणि जेवढे वादक लागत, तेवढेच आजही लागतात. कारखान्यात मात्र तेवढ्या श्रमात कितीतरी पट माल निघतो. कारखान्यातील मजुरी वाढली की वादकाचे मानधनही वाढवावे लागते, नाहीतर कोणी वादक होणार नाही. म्हणून संगीत, शिक्षण आणि शुश्रूषा ही इतर वस्तूंच्या तुलनेने महाग होत जातात. युक्तिवाद सुंदर आहे, आणि परिचारिकेच्या पगारवाढीवर खापर फोडणाऱ्यांना त्याने चोख उत्तर दिले आहे.

परंतु नावाचे काय? बॉमोल ह्यांच्याच मताप्रमाणे हा खर्च देशाला परवडतो. इतर क्षेत्रांची उत्पादकता वाढल्यामुळेच तो वाढतो, आणि त्याच वाढीतून तो भागविताही येतो. मग ह्याला रोग कसे म्हणावयाचे? शेजाऱ्याची प्रकृती सुधारली म्हणून माझ्या कृशतेला कोणी व्याधी म्हणत नाही. रूपक येथे सिद्धान्ताच्या विरुद्ध उभे आहे. रोग म्हटला की निदान आले, शस्त्रक्रिया आली, आणि रोगाला कर्ता नसतो हेही आलेच. शिवाय हा सिद्धान्त सर्व देशांना सारखाच लागू पडावयास हवा. परिचारिकेला जखम बांधावयास झ्यूरिकमध्ये लागतो तेवढाच वेळ शिकागोत लागतो. तरीही अमेरिकेचा खर्च इतरांहून इतका निराळा का, ह्याचे उत्तर त्यात मिळत नाही. बॉमोल ह्यांनी खर्च का वाढतो हे सांगितले. अमेरिकेत तो अधिक का, हा दुसरा प्रश्न होता, आणि रूपकाच्या प्रभावाखाली वाचकांनी दोन्ही प्रश्न एकच मानले.

'मॉरल हॅझर्ड' ह्या संज्ञेवर फार वेळ खर्चण्याचे कारण नाही. विमाव्यवसायातून आलेली ही संज्ञा आहे. विमा असला की माणूस अधिक उपचार घेतो, एवढाच तिचा आशय. मार्क पॉली ह्यांनी १९६८ सालीच स्पष्ट केले होते की ह्यात नीतिभ्रष्टतेचा संबंध नाही, किंमत कमी झाली की मागणी वाढते इतकेच. तरीही 'मॉरल' हे विशेषण कायम राहिले, आणि त्याने रोग्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मराठीत तिचे 'नैतिक धोका' असे भाषांतर करणारे तो पिंजरा जसाच्या तसा इकडे आणतात.

अमेरिका निराळी का, ह्या प्रश्नाला सरळ भिडणारा निबंध २००३ साली 'हेल्थ अफेअर्स' ह्या नियतकालिकात आला. जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कार्व्हिल ह्यांच्या फलकावरील ओळीचे विडंबन करून त्याला शीर्षक दिले. मुद्दा किमतींचा आहे, असे त्यांचे म्हणणे. २००० सालचे आकडे घेऊन त्यांनी दाखविले की अमेरिकेचा दरडोई आरोग्यखर्च ४,६३१ डॉलर, म्हणजे त्याखालोखाल खर्च करणाऱ्या स्वित्झर्लंडपेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक होता. परंतु डॉक्टरांच्या भेटी आणि इस्पितळातील दिवस मोजले, तर अमेरिकी माणूस प्रगत देशांच्या मध्यमानाहून कमीच सेवा घेत होता. सेवा अधिक घेतल्यामुळे खर्च अधिक होतो, हा समज ह्या एका तुलनेने डळमळीत झाला. राइनहार्ट २०१७ साली निवर्तले. २०१९ मध्ये उरलेल्या तिघांनी नवे आकडे घेऊन तोच निष्कर्ष पुन्हा मांडला.

माझ्या मते ह्या सर्व साहित्यात हा निबंध श्रेष्ठ आहे, आणि त्याचे कारण त्याच्या शब्दांत आहे. त्याने 'कॉस्ट' हा संदिग्ध शब्द फोडून दर आणि परिमाण हे दोन भाग वेगळे काढले. मराठी गृहिणीला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. भाजीवर खर्च अधिक झाला, तर भाव चढला की भाजी जास्त आणली, हे ती प्रथम विचारते. किंमत, भाव, दर, खर्च, मोल असे निरनिराळे शब्द आपल्याकडे आहेत, आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे. इंग्रजी 'कॉस्ट' त्या सर्वांवर पांघरूण घालतो. शिवाय ह्या निबंधात किमतीला कर्ता आहे. इस्पितळे व औषधकंपन्या ह्यांच्या हाती विकण्याची एकवटलेली शक्ती आहे, आणि घेणारे मात्र शेकडो विमायोजनांत विखुरलेले आहेत, हे लेखकांनी नाव घेऊन सांगितले. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते, हे राइनहार्ट आयुष्यभर सांगत आले. मंदीच्या संदर्भात ह्या विधानाला धार येते. २००८ व २००९ मध्ये अमेरिकेत ऐंशी लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. त्याच काळात आरोग्यक्षेत्रातील नोकऱ्या वाढत होत्या. २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या क्षेत्राने कारखानदारी आणि किरकोळ व्यापार ह्या दोहोंनाही रोजगाराच्या संख्येत मागे टाकले. जो खर्च राष्ट्राला बोजा म्हणून दाखविला जातो, तो अनेक शहरांत सर्वांत मोठा रोजगारही आहे. तो 'कमी करा' म्हणणाऱ्याने कोणाची मिळकत कमी करावयाची तेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

मंदी आणि आजारपण ह्यांची गाठ अमेरिकेत इतकी घट्ट का, ह्याचे उत्तर विम्याच्या इतिहासात आहे. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस येथे बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाने शाळाशिक्षकांसाठी एक योजना काढली. महिना पन्नास सेंट भरावेत, आणि वर्षाला एकवीस दिवस इस्पितळात राहण्याचा हक्क मिळवावा. महामंदीत खाटा रिकाम्या पडू लागल्या तेव्हा इतर इस्पितळांनीही तिचा कित्ता गिरविला. पुढे महायुद्धाच्या काळात, १९४२ च्या कायद्याने वेतनवाढीवर बंधने आली. विम्याचा हप्ता मात्र त्या बंधनातून सुटला, म्हणून मालक वेतनाऐवजी विमा देऊ लागले. १९५४ च्या करसंहितेने ह्या हप्त्याची करमुक्तता पक्की केली. महागाई रोखण्यासाठी केलेल्या युद्धकालीन उपायातून शांततेतील आरोग्यव्यवस्था उभी राहिली. ह्या व्यवस्थेत मालक विमा 'देतो' अशी भाषा रूढ आहे. अर्थशास्त्रज्ञ बहुतेक एकमताने सांगतात की तो हप्ता अखेर नोकराच्या वेतनातूनच जातो. मालकामार्फत घेतलेल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता १९९९ साली ५,७९१ डॉलर होता, तो २०२४ साली २५,५७२ डॉलर झाला. पगारवाढ का दिसत नाही, असे भरभराटीच्या वर्षांत विचारणाऱ्या कामगाराला उत्तराचा मोठा भाग ह्या दोन आकड्यांत सापडेल.

मंदीत हे दान थांबते. नोकरी सुटलेल्याला काही महिने तोच विमा चालू ठेवता यावा म्हणून १९८५ चा एक कायदा आहे. त्याच्या लांबलचक अंदाजपत्रकी नावाच्या आद्याक्षरांनी 'कोब्रा' असा शब्द बनतो. नोकरी गेलेल्या माणसाने मालकाचा आणि स्वतःचा असा संपूर्ण हप्ता भरावयाचा, ही त्या कायद्याची अट पाहता नाव अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही! अमेरिकेत तात्पुरत्या कार्य-परवान्यावर असलेल्या मराठी कुटुंबांना हा दंश दुहेरी होतो. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये तेथील संगणककंपन्यांनी नोकरकपात केली, तेव्हा त्या परवान्यावरील कर्मचाऱ्यास नवी नोकरी शोधण्यास साठ दिवसांची मुदत होती, आणि विमा गेला तो निराळाच. त्या कपातीच्या वेळी देशात मंदी नव्हती, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

गरिबांसाठीची मेडिकेड योजना १९६५ साली मेडिकेअरबरोबरच जन्मली. मंदीत तिच्याकडे लोंढा येतो, आणि तिचा खर्च केंद्राबरोबर उचलणाऱ्या राज्यांचे करउत्पन्न त्याच वेळी घटते. जवळजवळ सर्व राज्यांना अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे बंधन आहे. म्हणून केंद्राला २००९ आणि २०२० मध्ये आपला वाटा वाढवावा लागला. २०१० साली विमा नसलेल्यांची संख्या पाच कोटींच्या घरात गेली होती. एप्रिल २०२० मध्ये बेकारी १४ टक्क्यांच्या वर जाऊनही तशी लाट आली नाही. २०१० चा आरोग्यविमा-कायदा तोवर अंमलात होता, आणि महामारीच्या काळात मेडिकेडमधून कोणाचे नाव काढावयाचे नाही अशी अट केंद्राने घातली होती. ही अट ३१ मार्च २०२३ रोजी संपली, आणि पुढील सुमारे दीड वर्षात अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे योजनेतून गेली. त्यांतील बहुसंख्यांची अपात्रता सिद्ध झाली नव्हती. कागदपत्रे वेळेवर पोहोचली नाहीत किंवा पत्ता बदलला, अशा कारणांनी ती गेली. हे सर्व भरभराटीच्या काळात घडले.

येथे ख्रिस्टोफर रूम ह्यांच्या २००० सालच्या निबंधाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण त्याने आरोग्य आणि आरोग्यखर्च ह्यांतील अंतर उघड केले. मंदी प्रकृतीला मानवते काय, असे त्याचे शीर्षकच विचारते. १९७२ ते १९९१ ह्या काळातील राज्यवार आकड्यांवरून त्यांनी दाखविले की बेकारी एका टक्क्याने वाढली की मृत्युमान सुमारे अर्ध्या टक्क्याने घटते. रस्त्यावरील अपघात कमी होतात आणि हृदयविकाराचे मृत्यूही. ह्यापूर्वी हार्वे ब्रेनर ह्यांनी नेमका उलट निष्कर्ष काढला होता, आणि पुढे स्वतः रूम ह्यांनाच आढळले की अलीकडील वर्षांत हा संबंध क्षीण झाला आहे. ह्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मंदीच्या वर्षांत आरोग्यव्ययाचे प्रमाण वाढते आणि मृत्यू कधी कधी घटतात, ही दोन्ही विधाने शेजारी ठेवली की 'आरोग्यव्यय' हा शब्द कशाचे माप आहे ह्याविषयी शंका येऊ लागते. आमच्याकडे सामान्य माणूस 'आरोग्याचा खर्च' असे म्हणत नाही. तो औषधपाण्याचा खर्च म्हणतो, दवाखान्याचा खर्च म्हणतो, आजारपणात पैसे गेले म्हणतो. हा प्रयोग अधिक शास्त्रशुद्ध आहे.

ह्या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांनी म्हणून काही शब्दांबाबत सावध राहावे असे वाटते. राष्ट्रीय लेख्यातील बेरजेसाठी 'व्यय', एका सेवेच्या किमतीसाठी 'दर', रुग्णाने प्रत्यक्ष दिलेल्या रकमेसाठी 'पदरचा खर्च' असा भेद पाळता येईल. उत्पादनाशी असलेले प्रमाण देताना त्या वर्षी उत्पादन वाढले की घटले हे त्याच वाक्यात द्यावे. 'मॉरल हॅझर्ड'साठी 'विमाजन्य उपभोगवृद्धी' हा शब्द बोजड आहे खरा, परंतु तो कोणावर आळ घेत नाही. अडीच कोटी नावे गेली त्या प्रक्रियेला अमेरिकी कचेऱ्यांनी 'अनवाइंडिंग' म्हटले आहे, म्हणजे गुंडाळलेला धागा आपोआप उलगडत जावा तसे. त्याला 'उलगडा' हा प्रतिशब्द मी सुचविणार नाही. शिधापत्रिकेच्या कचेरीत रूढ असलेला 'नावे कमी करणे' हा प्रयोग येथे चपखल बसतो. तो सकर्मक आहे, आणि नाव कोणी कमी केले हे खिडकीपाशी उभा असलेला माणूस लगेच विचारतो.